उंचावरचं घर आणि नळाचा दाब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ज्याचं घर डोंगराच्या माथ्यावर, त्याला वारा मिळतो, उजेड मिळतो, समोर दरी मिळते. पाणी मात्र एकसारखं मिळत नाही. सकाळी सातला शॉवर धो धो, साडेसातला करंगळीएवढी धार, पावणेआठला नुसता फुसफुस आवाज, आणि घरातले सगळे अर्ध्या आंघोळीवर कामाला निघून गेले की पुन्हा धो धो. उंचावर राहणाऱ्या पुष्कळांना हे वर्णन ओळखीचं वाटेल.

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी तीसेक वर्षं गेली. निवृत्त झाल्यावरही लग्नकार्यात, प्रवासात कुणी ना कुणी गाठतंच, आणि प्रश्न ठरलेला असतो : "आमच्याकडे दाब कमी-जास्त होतो, मोटर किती हॉर्सपॉवरची बसवू?" माझं उत्तरही ठरलेलं असतं. मोटरचं नंतर बघू, आधी मोजू. औषधाच्या दुकानात जाण्याआधी थर्मामीटर लावावा, इतकी साधी ही गोष्ट आहे. पण नळाच्या बाबतीत ती कुणी करत नाही.

दाब म्हणजे काय, ते आधी पाहू. साठलेल्या पाण्याचा दाब म्हणजे त्याची उंची. नळापासून वर दहा मीटरवर टाकीतल्या पाण्याची पातळी असेल, तर बंद नळावर दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. प्लंबर याला नुसतं 'एक किलो' म्हणतात. आपणही तसंच म्हणू. टाकी हजार लिटरची आहे की लाख लिटरची, याचा दाबाशी संबंध नाही. पाच मीटर उंची म्हणजे अर्धा किलो, टाकी केवढीही असो. शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या १९९९ च्या केंद्र सरकारी नियमपुस्तिकेत एकमजली घराला किमान सात मीटर, दुमजली घराला बारा आणि तीनमजली घराला सतरा मीटर दाब मिळावा, असं म्हटलं होतं. दाब मीटरमध्ये सांगायची ही पद्धत मला फार सोयीची वाटते. ती सारखी आठवण करून देते, की आपल्याजवळ उंचीची एक पुंजी आहे आणि ती वाटेत खर्च होते आहे.

डोंगरमाथ्यावरच्या घराची अडचण इथेच आहे. त्याच्या डोक्यावर उंचीच उरलेली नसते. मुंबईत मलबार हिलवर, आज जिथे हँगिंग गार्डन आहे त्याच्या खाली, एकोणिसाव्या शतकात जलाशय बांधला गेला. टेकडी निवडली ती खालच्या वस्तीला आपोआप दाब मिळावा म्हणून. पण जो स्वतःच माथ्यावर राहतो, त्याने टाकी कुठे बांधायची? पूर्वी माथ्यावरची घरं विहिरीवर आणि कळशीवर चालायची, त्यामुळे दाबाचा प्रश्नच नव्हता. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, घरोघर नळ द्यायचं ठरलं, आणि खालच्या वाड्यांसाठी घातलेल्या जुन्या नळांच्या फांद्या पुष्कळ ठिकाणी वर चढल्या. नळ आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण वरच्या टोकाला पोचेपर्यंत त्यातली उंची बहुतेक संपलेली असते.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर असंच आहे, दापोली तालुक्यात, एका टेकडीच्या माथ्यावर. कोपऱ्यावरचं, जांभ्या दगडाचं, वर स्लॅब. गावाची टाकी शेजारच्या उंचवट्यावर. तिथून निघालेला नळ आधी खालच्या वाडीत उतरतो, वाडीला पाणी देतो आणि मग चढ चढून ताईच्या अंगणात येतो. पाणी सुटतं सकाळी साडेसहा ते साडेआठ. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी गेलो, तेव्हा घरात एकच विषय होता. ताईच्या सासूबाई, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, आंघोळ करत असताना शॉवरचं गार पाणी अचानक बंद झालं आणि गीझरचं कढत पाणी तेवढं खांद्यावर आलं. फोड आले होते. भावोजींनी एक घोडाशक्तीची मोटर आणायचं ठरवलंही होतं. शेजाऱ्यांनी नळावर थेट मोटर लावली होती, तशीच.

मी म्हटलं, "भावोजी, दोन दिवस थांबा. मला एक मीटर आणून द्या."

"पाण्याचा मीटर आहे की!"

"तो नव्हे. दाबाचा."

दाबमापक ही चार-पाच इंचांची घड्याळासारखी तबकडी असते, पंपाच्या दुकानात मिळते, फार महागही नसते. घेताना शून्य ते चार किलोचं घ्यावं. दहा किलोचं घेतलं तर आपल्या कामाचा सगळा खेळ सुईच्या पहिल्या टिचभर हालचालीतच संपतो. ते घराच्या मागच्या नळाला बसवलं आणि एक वही घेऊन बसलो. सहा पन्नासला, वाडी अजून पुरती उठली नव्हती तेव्हा, सुई पाऊण किलोच्या आसपास. साडेसातला एक दशांश किलो. सव्वाआठला पुन्हा अर्ध्या किलोवर. म्हणजे टाकीत पाणी होतं, नळ कुठे तुंबला नव्हता. वाडीतले नळ उघडले की मधल्या पाइपात पाणी जोरात धावत होतं आणि धावताना घासून उंची खर्च करत होतं. वाडी थांबली की उंची परत.

हे घासणं लोकांच्या कल्पनेपेक्षा फार महाग पडतं. अर्धा इंची पाइपातून मिनिटाला बारा लिटर पाणी न्या. एवढं एका बऱ्या शॉवरला लागतं. वीस मीटर अंतरात साधारण तीन मीटर उंची खर्च होते. तेच पाणी, तेवढंच अंतर, पण पाइप एक इंची घेतला, तर खर्च पाव मीटरच्या आसपास. बारा पट फरक! आणि त्याच पाइपातून दुप्पट पाणी नेलं तर खर्च दुप्पट होत नाही, साडेतीन पटीच्या वर जातो. म्हणून स्वयंपाकघरात कुणी भांडी घासायला नळ सोडला, की न्हाणीघरातून आरोळी येते. जुना लोखंडी पाइप असेल, आत गंज आणि क्षार बसून त्याची नळी पेन्सिलीएवढी झाली असेल, तर बघायलाच नको.

म्हणून दाब नेहमी दोनदा मोजावा : एकदा घरातले सगळे नळ बंद ठेवून आणि एकदा दोन नळ वाहते ठेवून. बंद असतानाच दाब नाही, तर उंचीच कमी आहे, किंवा दोष घराबाहेर आहे. बंद असताना चांगला आणि उघडल्यावर कोसळतो, तर दोष पाइपात : बारीक व्यास, गंज, अर्धवट फिरलेला कॉक, कचऱ्याने भरलेली जाळी. हा एवढा निवाडा केला तरी निम्मी अनावश्यक खरेदी टळते.

आता शेजाऱ्यांच्या मोटरकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. सात-सव्वासातला ती मोटर सुरू झाली की आमची सुई शून्याला टेकायची. नळ उघडला तर पाणी येण्याऐवजी नळच हवा आत ओढायचा; तळहात लावला की तोंडाला चिकटायचा. नळ ओढतो आहे याचा अर्थ जमिनीतला पाइपही ओढतो आहे. त्याला जिथे जिथे चीर असेल, सांधा सैल असेल, तिथून आसपासचं पाणी आत शिरणार. पाइप गटाराजवळून गेला असेल तर गटाराचं. पावसाळ्यात एखाद्या आळीत गॅस्ट्रो किंवा कावीळ सुरू झाली, की आम्ही लोक आधी गळती शोधतो आणि त्याच वेळी नळावर कुठे मोटरी बसल्या आहेत ते पाहतो, ते यासाठी. शिवाय पाणी वाढत नाहीच. एकाने मोटर लावली की दुसऱ्याचं जातं, मग दुसरा मोठी लावतो. शेवटी सगळ्यांच्या मोटरी, सगळ्यांची विजेची बिलं आणि पाणी तेवढंच. नळाला थेट मोटर लावायला पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था मनाई करतात. पण मनाई नसती तरी मी लावू दिली नसती.

मग करायचं काय? नळाचा दाब आपल्या हातात नाही, हे एकदा मान्य करायचं आणि त्याच्यावर घर चालवणं सोडून द्यायचं. नळाने फक्त साठा भरायचा. घर चालेल ते आपल्या साठ्यावर. ताईच्या अंगणाची खालची कड, फाटकापाशी, घराच्या जोत्यापेक्षा चार मीटर खाली आहे. चार मीटर म्हणजे फुकटचा चार दशांश किलो. घरापाशी सुई एक दशांशवर असते तेव्हाही फाटकापाशी अर्धा किलो असतो. तिथे दोन हजार लिटरची तळटाकी बसवली, बॉल कॉकसह. दोन तास पाणी जोरात येवो की हळू, टाकी भरते. धार बारीक असली तरी टाकीचं काही अडत नाही. अडतं ते माणसाच्या अंगावर धार असते तेव्हा. टाकीचं झाकण घट्ट हवं, आणि नळाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर हवं, बुडालेलं नको, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं गावाच्या नळात जाणार नाही.

तळटाकीतून स्लॅबवरच्या टाकीत पाणी चढवायला लहानशी मोटर पुरते. ती टाकीतलं पाणी उचलते, गावाचा नळ ओढत नाही, हा फरक महत्त्वाचा. पंप टाकीजवळ, शक्यतो तिच्या पातळीलाच ठेवावा. पाणी वर ढकलायला पंपाला मर्यादा नाही म्हटलं तरी चालेल, पण ओढायला आहे. समुद्रसपाटीलाही दहा मीटरच्या वर कुठलाच पंप पाणी ओढू शकत नाही, व्यवहारात सहा-सात धरावेत. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर तर हवेचाच दाब कमी, त्यामुळे यातलाही दीडएक मीटर कापला जातो. खालच्या विहिरीत पंप सोडायचा असेल तर हे आधी पाहावं.

आता स्लॅबवरची टाकी. ती विटांच्या तीन थरांवर ठेवलेली होती. शॉवरच्या तोंडापासून मोजलं तर टाकी भरलेली असताना उंची अडीच मीटर आणि तळ गाठल्यावर दीड. म्हणजे टाकी रिकामी होता होताच दाब चाळीस टक्के उतरत होता, कुणी काही न करता. लोखंडी घोडा करून ती दोन मीटर उचलली. इथे एक सावधगिरी : हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते नुसत्या स्लॅबवर देऊ नये, खाली भिंत किंवा तुळई असेल तिथेच घोडा उभा करावा आणि जाणकाराला दाखवावं. कोकणात टाकी बांधूनही ठेवावी. रिकामी प्लास्टिकची टाकी वादळात पतंगासारखी जाते.

खाली येणारा पाइप अर्धा इंची, घराला प्रदक्षिणा घालून, स्वयंपाकघर करून मग न्हाणीघरात येत होता. न्हाणीघरासाठी टाकीपासूनच वेगळा, एक इंची पाइप काढला, अगदी मिक्सरजवळ जाऊन अर्धा इंची केला. कोपर जितके कमी करता येतील तितके केले. प्लंबर तरुण होता, हुशार होता. म्हणाला, "काका, एवढा जाड पाइप घरात कोण घालतं?" दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून त्याने शॉवर उघडून पाहिला आणि मग माझ्याकडे न बघता चहा घेतला.

सासूबाईंना भाजलं त्याचं कारण मात्र वेगळंच होतं, आणि ते पुष्कळ घरांत सापडतं. गीझरला पाणी वरच्या टाकीतून आणि मिक्सरच्या गार बाजूला थेट गावाच्या नळातून. 'ताजं पाणी' म्हणून कुणीतरी तसं जोडलं होतं. सकाळी लवकर नळाचा दाब टाकीपेक्षा जास्त, तेव्हा गार पाणी गरम पाण्याला मागे ढकलायचं आणि गीझर चालू असून शॉवर थंड. साडेसातला नळाचा दाब गेला की गरम पाणी एकटंच. मिक्सर कितीही भारी आणा, दोन बाजूंचे दाब असे वेगवेगळे नाचत असतील तर साध्या मिक्सरला ते सांभाळता येत नाही. गरम आणि गार दोन्ही पाणी एकाच टाकीतून घ्यावं. मग टाकीची पातळी उतरली तरी दोन्ही बरोबरीने उतरतात आणि आंघोळ करणाऱ्याला धार किंचित बारीक झाल्याचं तेवढं कळतं. माझं म्हणणं असं, की वयस्कर माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरात बाकी काही जमलं नाही तरी ही एक जोडणी आधी तपासावी. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

फुसफुस आवाज राहिला. तो हवेचा. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावर चढून मग खाली उतरत होता, उलट्या यू अक्षरासारखा. टाकी एकदा रिकामी झाली की त्या उंच वळणात हवा अडकते आणि बूच मारल्यासारखं पाणी अडवते. जिथे दाब भरपूर तिथे पाणी हवेला ढकलून नेतं. आपल्याकडे दोन-तीन मीटरचीच पुंजी, तिला ते जमत नाही. उपाय दोन : पाइपाला टाकीपासून खालीच उतार द्यावा, आणि टाकीच्या तोंडापाशी पाइपावर एक उघडी नळी उभी करावी, टाकीच्या माथ्यापेक्षा उंच. हवा तिच्यातून निघून जाते. हे काही नवं नाही. पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, त्या जमिनीखालच्या नळावर ठरावीक अंतराने दगडी उच्छ्वास बांधलेले आहेत. पाण्यालाही श्वास सोडायला जागा लागते, हे त्या शब्दातच आलं.

गावाच्या बाजूनेही थोडं करण्यासारखं असतं. पाणी सोडणाऱ्या माणसाशी मी बोललो. कागदावर नसलेलं पुष्कळ ज्ञान अशा माणसांजवळ असतं. "साहेब, खालच्या वाडीचा कॉक दोन आटे आवळला की वर पाणी चढतं. पण मग खालचे माझ्याशी भांडतात," तो म्हणाला. खालच्या वाडीत तेव्हा चार किलोच्या वर दाब होता. तिथे नळांचे वायसर टिकत नव्हते, तोट्या गळत होत्या. म्हणजे वर पाणी नाही आणि खाली वाया जातं आहे. कॉक थोडा आवळला तर वाडीला पाणी पुरतंच, फक्त उसळत नाही. पुढे ग्रामपंचायतीत बोलणं होऊन पहिला पाऊण तास वरच्या घरांना द्यायचा, असं ठरलं. शेजाऱ्यांनीही मग फाटकापाशी टाकी बसवली आणि मोटर तिच्यावर घेतली. ते काही माझ्या भाषणाने झालं नाही; ताईकडे सकाळी आठला येऊन त्यांनी स्वतः शॉवर पाहिला.

एवढ्यावर ताईचं काम भागलं. पण पुण्याहून भाचा आला तो ताटाएवढ्या तोंडाचा शॉवर घेऊन. त्याला साडेतीन मीटरचा दाब पुरत नाही, एक किलो तरी हवा. तेव्हा न्हाणीघराच्या पाइपावर एक लहान दाबपंप बसवला, सोबत दाबाची टाकी. या टाकीत रबरी फुगा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. नळ उघडला की आधी हवा पाणी ढकलते, दाब ठरलेल्या पातळीखाली गेला की पंप सुरू होतो. नळ जरा उघडताच पंप टकटक करत सारखा चालू-बंद होत असेल आणि धार श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होत असेल, तर बहुधा त्या टाकीतली हवा कमी झालेली असते. पंप बंद करून, टाकीतलं पाणी पूर्ण सोडून देऊन, मग सायकलच्या पंपाने हवा भरावी. पंप जिथे सुरू होतो त्याच्यापेक्षा दोन पौंड कमी. वीस पौंडांना सुरू होत असेल तर अठरा. पाणी आत असताना मोजलेला आकडा खोटा असतो. आणि दाबपंप लावण्याआधी गीझरवर लिहिलेला दाब वाचावा, त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह चालतो की नाही ते पाहावं.

या पंपाला वळसा घालून जाणारा एक पाइप मी आग्रहाने घालून घेतला, मध्ये एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. वीज असताना पाणी पंपातून येतं. वीज गेली की वळशातून, नुसत्या उंचीवर. भाच्याला तो खर्च फुकट वाटला. ताईला वाटला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर त्या भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ते दिवस तिने काढलेले आहेत. ती सकाळी तळटाकीतून वर पाणी चढवून घेते, टाकीच्या काचेच्या नळीतली पातळी बघते, आणि मगच गीझरचं बटण दाबते.